कोपऱ्यापर्यंत

गल्लीत काकांना त्यांच्या नावानं कोणी ओळखत नसे. फोटोंना चौकटी करून द्यायचे म्हणून ते फ्रेमवाले काका. आणि पाठीमागे, पुढेपुढे तर तोंडावरसुद्धा, कोपरेकाका. एकदा कुरिअरवाला हातात पार्सल घेऊन "कोपरे कुठं राहतात हो?" असं विचारत आला, तर बेकरीवाल्यानं जराही न हसता सरळ त्यांचं दार दाखवलं. इतकं ते नाव चिकटलं होतं.

नाव पडलं ते काकांच्या एका खोडीमुळे. आलेला माणूस निघाला की काका चष्मा डोक्यावर सरकवायचे, पायानं चाचपडत चपला शोधायचे आणि म्हणायचे, "चला, कोपऱ्यापर्यंत येतो."

मग तो माणूस कोणीही असो. पाहुणा असो, गिऱ्हाईक असो, विजेचं मीटर बघायला आलेला असो. अहो, भांडायला आलेल्यालासुद्धा पोचवायचे! एक बाई काच तडकलेली निघाली म्हणून दुकानात येऊन काकांना नाही नाही ते बोलल्या आणि तणतणत निघाल्या, तर हे आपले त्यांच्यासोबत चालायला लागले. परत आले तेव्हा काकूंनी विचारलं, "पोचवायला गेला होतात की माफी मागायला?"

"जाताना माफी मागितली, मग पोचवलं," काका म्हणाले.

काकूंना या प्रकाराचा भारी राग. ताट वाढलेलं असायचं, चहा ओतलेला असायचा, आणि यांचा पत्ता नाही. कारण कोपऱ्यापर्यंत जायला वेळ लागत नसे, वेळ लागायचा परत यायला. गल्ली ही एवढीशी. दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक दाराला दोन-तीन पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी टेकलेलं. खाली दुकानं, वर माणसं राहायची. मोटार आत यायची नाही, आणि चुकून आलीच तर चालवणारा जन्मभरासाठी कानाला खडा लावून जायचा. एका टोकाला शाळा. दुसऱ्या टोकाला तो प्रसिद्ध कोपरा: एका अंगाला बेकरी, दुसऱ्या अंगाला औषधांचं दुकान, मधे दिव्याचा खांब, आणि पलीकडे मोठा रस्ता. काका त्या खांबाला हात लावायचे, "बरंय, या पुन्हा" म्हणायचे आणि वळायचे. वळले की बेकरीवाला पकडायचा. त्याच्या तावडीतून सुटले की सलूनवाला कात्री हातात घेऊन दारात. काकू वरच्या खिडकीतून हाका मारून दमायच्या. "तुमचा हा कोपरा एक दिवस माझा जीव घेणार आहे," असं त्या म्हणायच्या, आणि चहा पुन्हा गरम करायच्या.

आता कोणी म्हणेल, काय छान गल्ली! काकूंना विचारा की. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधला जिना अंधारा, न्हाणीघराला खिडकी नाही. आणि लोक नाक खुपसतात त्याचं काय करायचं? काकूंनी एकदा खिडकीला नवा पडदा लावला, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीचं मत घेऊन झालं होतं. सलूनवाल्याला रंग भडक वाटला. औषधवाल्या ताईंना कापड हलकं वाटलं. बेकरीवाल्याच्या आईनं तर वर येऊन, हात लावून खात्री करून घेतली. काकू तेव्हापासून म्हणत होत्या, मला अशा ठिकाणी राहायचंय, जिथं माझ्या पडद्याकडे कोणी ढुंकूनसुद्धा बघणार नाही.

मुलगा याच गल्लीत वाढला. लहानपणी एकदा रुसला आणि दप्तरात दोन शर्ट कोंबून घर सोडून निघाला. काकूंच्या लक्षातही आलं नाही. पण सलूनवाल्याच्या बापानं विचारलं, कुठं निघालास? पुढे कोणी म्हणालं, दप्तर का फुगलंय? कोपऱ्यावर औषधवाल्या ताई, तेव्हा त्या नव्यानंच दुकानात बसायला लागल्या होत्या, त्याचा हात धरून त्याला बेकरीत घेऊन गेल्या. पाव खाऊन स्वारी परत आली आणि वर जाऊन अभ्यासाला बसली. काकूंना ही बातमी दुसऱ्या दिवशी चार जणांकडून चार तऱ्हांनी कळली.

तर असं सगळं चाललं होतं, आणि मग काका विसरायला लागले. आधी मापं. काच आखूड कापली जायची, पट्टी लांब. मग एकदा त्यांनी एका घरच्या लग्नाचा फोटो दुसऱ्याच घरी पोचता केला. त्या लोकांनीही तो मुकाट्यानं भिंतीवर टांगला. आपलेच कोणी लांबचे असतील म्हणाले! गल्ली पोट धरधरून हसली. काकाही हसले. पण त्या दिवशी दुकान बंद करताना त्यांनी काच कापायची हिऱ्याची लेखणी कापडात गुंडाळून ठेवली आणि काकूंना म्हणाले, "हात ऐकत नाही, डोकं ऐकत नाही. दोघांशी भांडत काच कापता येत नाही गं." दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

मुलगा तेव्हा शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेला होता. तो म्हणाला, आता तुम्ही दोघं माझ्याकडे चला. जुन्या जागेची किल्ली सध्या राहू दे, वर्ष संपलं की ती जागा सोडून टाकू. खरं सांगायचं तर काकूंनीच जास्त उत्साहानं सामान बांधलं. काका खांबापाशी दोन मिनिटं थांबले, तर त्यांना म्हणाल्या, "चला हो, गाडी थांबलीय."

नवं घर चांगलंच होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. लिफ्ट होती. न्हाणीघराला खिडकी होती आणि तिच्यातून ऊन यायचं. काकू पहिले काही दिवस नुसत्या खोल्यांमधून फिरायच्या. सून मनानं चांगली, नात गोड. काकूंनी हौसेनं नवा पडदा शिवला, लावला, आणि वाट बघितली. कोणी काही बोललं नाही. समोरच्या दारातले लोक लिफ्टमध्ये भेटायचे, तेव्हा सगळेजण मान वर करून मजल्याचे आकडे बघत उभे राहायचे. काकूंना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता ते ठेवायचं कुठं हे त्यांना कळेना.

दूध संपलं तर गाडी काढावी लागे. नातीची शाळा गाडीनं, नाच शिकायला गाडीनं, मैत्रिणीकडे खेळायला जायचं तर आधी दोन्ही आयांची फोनाफोनी, आणि मग पुन्हा गाडी. सून दिवसभर कामावर आणि संध्याकाळभर स्टिअरिंगवर. बिचारीच्या नाकी नऊ यायचे. "लेकीशी बोलणं होतं ते आरशात बघून," ती एकदा काकूंना म्हणाली आणि हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. काकूंना मनापासून वाईट वाटलं. कोणाचा दोषही दाखवता येईना. फाटकाबाहेर पडलं की एका बाजूला वसाहतीची भिंत, दुसऱ्या बाजूला धावणारा रस्ता. पायी जाण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून पायी कोणी जात नव्हतं.

काकांची खोड मात्र सोबत आली होती. पार्सल घेऊन मुलगा आला की हे उठलेच. "चला, कोपऱ्यापर्यंत येतो." तो पोरगा घाईत लिफ्टमध्ये शिरायचा, दार मिटायचं, आणि काका मिटलेल्या दारासमोर उभे राहायचे. काकू जाऊन त्यांना हाताला धरून आणायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सलूनवाला आला. टॅक्सी करून, कात्री-कंगवा घेऊन. "तिथं कोणाच्याही हाती डोकं दिलंत, तर मला चालायचं नाही," म्हणाला. त्यानं काकांचे केस कापले, गल्लीच्या भानगडी रंगवून सांगितल्या, बेकरीवाल्याची नक्कल केली. काका इतके खुलले की काकूंना भरून आलं. त्या कप विसळत होत्या, तेव्हा बाहेरून आवाज आला, "चला, कोपऱ्यापर्यंत येतो."

"लिफ्टपर्यंतच हं!" काकू आतून ओरडल्या.

पण सलूनवाल्याला वाटलं, येऊ दे, काकांना बरं वाटेल. फाटकापाशी तो टॅक्सीत बसला, म्हणाला, "काका, आता फिरा बरं का." काकांनी हात वर केला. टॅक्सी वळली. पहारेकऱ्याला वाटलं, पाहुण्याबरोबर आलेत, थोडं पुढे जाऊन येतील.

ते आले नाहीत.

काकूंची पाचावर धारण बसली. मुलगा गाडी घेऊन निघाला, सून दुसऱ्या दिशेनं. काकू फाटकात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार होत्या, पण विचारायचं कोणाला? समोरून नुसत्या काचा जात होत्या, वर केलेल्या. एवढी माणसं त्या रस्त्यानं गेली असतील, काकांना बघूनही गेली असतील, आणि एकालाही वाटलं नाही की हा म्हातारा एकटा कुठं निघालाय. गाडीतल्या माणसाला कसं वाटणार? वाटेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

दिवस मावळता मावळता मुलाला ते सापडले. पुलाच्याही पलीकडे, पेट्रोलपंपाच्या पुढे, रस्त्याच्या कडेनं चालत होते. एका चपलेचा पट्टा तुटला होता आणि ती त्यांनी हातात घेतली होती. मुलानं गाडी थांबवली, धावत गेला, म्हणाला, "बाबा, चला घरी, बसा गाडीत."

"थांब रे जरा," काका म्हणाले, "कोपरा आला की फिरतो."

मुलानं घरी येऊन हे सांगितलं आणि तो एवढा मोठा बाप्या खुर्चीत बसून रडला. काकू काकांचे पाय गरम पाण्यानं धुत होत्या. त्यांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं काका कोपऱ्यापर्यंत जातात म्हणून त्या चिडत होत्या. पण कोपऱ्यानंच तर त्यांना रोज घरी परत पाठवलं होतं! इथं भिंत संपत नव्हती, खांब नव्हता, बेकरी नव्हती. वळ म्हणणारं काही नव्हतंच. बिचारे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलानं दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवून घेतलं. "आई, मला हौस नाही, पण इलाज नाही," तो म्हणाला. खरंच नव्हता. कुलूप बसवणारा माणूस काम संपवून, हत्यारं पिशवीत भरून निघाला, तसे काका उठले. चपला शोधल्या. "चला," म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत येतो."

तो माणूस बाहेर पडला, दार ओढलं गेलं, आणि कुलूप लागलं. काकांनी कडी शोधली. दाराच्या कडेवरून हात फिरवला, आपण जोडलेली चौकट तपासावी तसा. मग त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा अगदी एवढासा झाला.

"तो एकटाच गेला गं," ते म्हणाले. "आपल्याकडून माणूस एकटा गेला."

काकूंनी त्याच दिवशी सामान काढलं.

मुलगा खूप चिडला. चिडणारच, त्याच्या बापाचा प्रश्न होता. "तिथं त्यांच्याकडे बघणार कोण, आई? तू एकटी?"

"तू दप्तरात शर्ट कोंबून पळाला होतास, तेव्हा मी तरी कुठं बघत होते?"

"मी लहान होतो. आणि समज, ते खांबापाशी वळलेच नाहीत तर? पुढे मोठा रस्ता आहे."

काकूंनी हातातलं पातळ घडी करून पिशवीत ठेवलं. "मलाही भीती वाटते रे," त्या म्हणाल्या. "पण इथं मी त्यांना कोंडून घालायचं आणि त्यांनी रोज त्या दाराशी उभं राहायचं, हे मला बघवणार नाही. तिथं निदान कोपरा आहे."

सून इतका वेळ ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "सोडून येऊ या त्यांना. आणि दर सुट्टीला आपणच जाऊ. आपल्यालाही जरा चालायला मिळेल."

गाडी कोपऱ्यावरच थांबली, आत जाणार कुठून? काका उतरले, खांबाला हात लावला, आणि कोणी काही सांगायच्या आत घराच्या दिशेनं वळले. काकू मागे थांबून औषधवाल्या ताईंना सगळं सांगत होत्या. फक्त ताईंना सांगितलं बरं का, तेही हळू आवाजात. काकू जिन्यापर्यंत पोचेतो बेकरीवाल्याच्या आईला ते ठाऊक झालं होतं. ज्या चोंबडेपणाला काकूंनी जन्मभर शिव्या घातल्या, त्याला त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. सलूनवाला तर काकूंच्या पायाच पडायला निघाला होता. "माझ्यामुळे झालं," म्हणायला लागला. काकू म्हणाल्या, "गप रे. तुझ्यामुळे कळलं."

दुकानाचं दार पुन्हा उघडं राहायला लागलं. काचा नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं, नुसती एक खुर्ची होती आणि खुर्चीत काका. माणसं जाता-येता टेकायची आणि निघाली की काका उठायचे. जाताना सोबत माणूस, येताना गल्लीभर डोळे. पहिल्या पहिल्यांदा खांबापाशी काका वळेपर्यंत काकू खिडकीतून हलायच्या नाहीत. एकदा ते वळता वळता पुढे निघाले, तर ताई काउंटरवरूनच ओरडल्या, "काका, चहा गार होतोय!" आणि काका वळले. मग हळूहळू काकूंनाही धीर आला. सुट्टीला मुलगा-सून यायचे, नात एकटी बेकरीत जाऊन पाव घेऊन यायची आणि वाटेत कोणकोण काय म्हणालं ते तोंड भरून सांगायची. मुलगा पायरीवर बसून आईशी बोलायचा. निघताना बाप त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायचा. एकदा मुलगा तिथून काकांच्या मागून परत आला, गुपचूप, ते घरात शिरेपर्यंत. मग तसाच गेला. त्यानंतर किल्ली परत करायची गोष्ट त्यानं काढली नाही.

काका विसरत मात्र राहिले. विसरणं काही कोपऱ्याशी वळत नाही. मुलाचं नाव गेलं, बेकरीवाल्याचं गेलं, हिऱ्याची लेखणी कशासाठी असते तेही गेलं.

एका दुपारी काकू औषधं आणायला निघाल्या. पिशवी घेतली, केस सारखे केले. खुर्चीतून काका त्यांच्याकडे बघत होते.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

काकू थबकल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना कधी 'अहो-जाहो' केलं नव्हतं. 'निघालीस?' म्हणायचे. रागावले तरी 'निघालीस', लाडात आले तरी 'निघालीस'. त्यांनी नीट बघितलं. काका हसत होते, पाहुण्याकडे बघून हसतात तसे.

"हो," काकू म्हणाल्या. "निघाले."

"चला, कोपऱ्यापर्यंत येतो."

दोघं चालायला लागले. काकूंच्या ध्यानात आलं, एवढ्या जगाला यांनी पोचवलं, आपल्याला कधी पोचवलं नव्हतं. आपण कधी निघालोच नव्हतो ना! काका सावकाश चालत होते, काकूंच्या बाजूची पायरी आली की जरा सरकून त्यांना वाट करून देत होते.

"आमच्या हिला राग येतो," काका म्हणाले, "मी असा बाहेर पडलो की."

"का बरं?"

"चहा गार होतो ना." ते हसले. "बोलते फार, पण पुन्हा गरम करून देते. दरवेळी."

काकूंना पुढचं दिसेना. "मग कशाला येता? मी गेले असते एकटी."

"छे छे! आपल्याकडे आलेलं माणूस," काका म्हणाले. "असं कसं?"

कोपरा आला. काकांनी खांबाला हात लावला. "बरंय," म्हणाले, "या पुन्हा."

काकू म्हणाल्या, "येते."

काका वळले. काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या. बेकरीवाल्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा पाव मांडायला लागला. सलूनवाला दारात आला, काका पुढे जाईपर्यंत थांबला, आत गेला. कोणी काकांना अडवलं नाही, कोणी हात धरला नाही. ते आपल्या दारापाशी पोचले, चपला काढल्या, आत गेले. ताई दुकानातून बाहेर येऊन काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या. मग ताईंनी औषधं आणून पिशवीत ठेवली.

काकू घरी आल्या. काका खुर्चीत बसले होते.

"अगं, होतीस कुठं?" ते म्हणाले. "एक बाई आल्या होत्या. आत्ताच पोचवून आलो."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "कशा होत्या?"

"चांगल्या होत्या गं. रडत होत्या, पण दाखवत नव्हत्या. विचारावंसं वाटलं, पण म्हटलं, ओळख ना पाळख." ते जरा वेळ आठवत बसले. "चहा विचारायचा राहिला बघ. येते म्हणाल्यात पण."

"मग येतील," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चहा ठेवला.